ए-बी ग्रुपचे पायगुडे काका

दाताच्या डॉक्टरांपुढे माणूस तोंड उघडतो ते दाढ दाखवायला. आमच्या पायगुडे काकांनी तोंड उघडलं आणि डॉक्टरांनाच विचारलं, "अकरावीला गणित सोडलं होतंत का?"

डॉक्टर बिचारे तरुण. म्हणाले, "हो काका, बी ग्रुप होता माझा."

"वाटलंच," म्हणून काका खुर्चीतून उतरले आणि दुखती दाढ तशीच घेऊन घरी आले. त्यानंतर किती दिवस लवंग चघळत होते. वर मलाच म्हणाले, "आज गणित सोडलं, उद्या माझी दाढ अर्ध्यात सोडेल. काय भरवसा?"

काका वारज्यात आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. एकटेच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, लग्न केलेलं नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती, गणित सोडलेले आणि न सोडलेले. सायन्सच्या अकरावीत गणित घेतलं की ए ग्रुप, जीवशास्त्र घेतलं की बी ग्रुप, आणि दोन्ही डोक्यावर घेतले की ए-बी. काका ए-बी वाले, आणि ते काही बारावीपुरते नव्हेत. जन्माचे ए-बी वाले.

त्यांच्याकडे दूधवाले दोन, कारण एकानं दांडी मारली तर? पावसात अंगावर रेनकोट आणि डोक्यावर छत्री. बसथांब्यावर उभे राहून मोबाइलवर रिक्षाही बोलावून ठेवतात, आणि बस आधी आली की रिक्षावाल्याची बोलणी थांब्यावर उरलेले आम्ही शेजारी खातो. लग्नात वाढप्यानं श्रीखंड की गुलाबजाम विचारलं, तर "असू दे दोन्ही. दार उघडं राहतं." हे त्यांचं पालुपद. घराचं दारसुद्धा दिवसभर सताड उघडं असतं.

दुसरं पालुपद, "कोण म्हणालं?"

उद्या पाणी येणार नाही, असं कुणी सांगितलं की काका विचारणार, "कोण म्हणालं?" सेक्रेटरी म्हणाले, तर सेक्रेटरींना कोण म्हणालं? जून उजाडला की हा संशय भलताच फोफावतो. सोसायटीतलं कुठलंही दहावी झालेलं पोर जिन्यात गाठायचं आणि विचारायचं, "विषय कुठले घेतोयस? गणित सोडतोयस? मग इंजिनिअरिंग गेलं, आर्किटेक्चर गेलं, विमान चालवणं गेलं. हे तुला कॉलेजनं सांगितलं? नाही ना? सांगणारच नाहीत. जीवशास्त्र सोडतोयस? डॉक्टरकी गेली. नंतर जादा विषय म्हणून देता येतो? कोण म्हणालं?" पोर बॅट घेऊन खाली निघालेलं असायचं, ते घाम पुसत परत घरी.

आता माझं सांगते. मी बँकेत कर्ज विभागात आहे, तेव्हा संशय घेण्याचा मला पगार मिळतो. एकदा सदाशिव पेठेत मी काकांना एका क्लासच्या पायऱ्या उतरताना पाहिलं. हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा. मला बघून त्यांनी तो चक्क पाठीमागे लपवला आणि म्हणाले, "सहज आलो होतो."

सदाशिव पेठेत सहज कुणी येत नाही. पार्किंग मिळत नाही. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ए-बी ग्रुप म्हणजे एक विषय जादा, एक विषय जादा म्हणजे क्लासला एक फी जादा. म्हणजे हा गृहस्थ समाजसेवेचा आव आणून क्लासवाल्यांची गिऱ्हाइकं गोळा करतोय! तेव्हापासून मी काकांवर डोळा ठेवला.

ठेवणं भागच होतं, कारण माझी जुई त्या वर्षी अकरावीत होती.

जुईला लहानपणापासून जनावरांची डॉक्टर व्हायचंय. आमच्या गेटवरचं लंगडं कुत्रं तिच्या हातून औषध घेतं, बाकी सगळ्यांना चावतं. जनावरांच्या डॉक्टरकीला गणित लागत नाही, असं ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. पण नवरा खराडीच्या कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा. "असू दे गं गणित. उद्या विचार बदलला तर?" मलाही ते पटलं. काका तर काय, टपलेलेच होते. आम्ही सगळ्यांनी मिळून पोरीला ए-बी केलं.

पहिली चाचणी झाली. गणितात जुई गटांगळ्या खात होती, आणि गणिताला सगळा वेळ गेल्यामुळे तिचं लाडकं जीवशास्त्रही घसरलं होतं. तिला जिथे जायचंय तिथला प्रवेश तर त्याच्याच जोरावर मिळायचा. डबा तसाच परत येऊ लागला. एक दिवस जेवताना म्हणाली, "मला गणित सोडायचंय. कॉलेजात शनिवारपर्यंतच विषय बदलून मिळतो." बाप म्हणाला, "घाई करू नकोस." मी म्हटलं, "बघू." ती ताटावरून उठून गेली.

दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेब रोज संध्याकाळी काकांकडे. झालं! म्हातारा पोरीला आणखी भरीस घालतोय, याची मला खात्रीच पटली. गुरुवारी अळूची भाजी वाटीत घेतली, वर झाकण ठेवलं आणि खाली उतरले. दार नेहमीसारखं उघडं. मी बाहेरच थबकले. चोरून ऐकणं वाईट असतं हे मला ठाऊक आहे, पण दार उघडं ठेवणाऱ्यानंही जरा विचार करावा.

जुई विचारत होती, "काका, तुम्ही ए-बी घेतलंत. मग बारावीनंतर काय झालं?"

"पात्र होतो. दोन्हीकडे."

"मग?"

"मग काय. गणिताच्या नादात जीवशास्त्र कच्चं राहिलं, जीवशास्त्राच्या नादात गणित. पात्र दोन्हीकडे, प्रवेश एकीकडेही नाही. बी.एस्सी. केलं आणि जन्मभर कालव्याचं पाणी मोजलं."

"मग सगळ्यांना गणित ठेवा म्हणून का सांगता?"

काका हळूच म्हणाले, "मला दार लागल्याचा आवाज सोसत नाही गं." आणि लगेच नेहमीच्या करड्या आवाजात, "तुला जनावरांचंच करायचंय? दुसरं काहीच नको? नक्की?"

"नक्की."

"कोण म्हणालं?"

"मी म्हणते."

"मग सोड," काका म्हणाले. "तू म्हणतेस ना, बास."

माझ्या हातातल्या वाटीवरचं झाकण खाली पडलं. आत जावंच लागलं. म्हटलं, "काका, हे तुम्ही सांगताय? मग त्या सदाशिव पेठेतल्या क्लासमध्ये काय करत होतात?"

"हिच्याचसाठी विचारत होतो. गणित सोडलं तर जनावरांचं दार बंद होतं का. एक क्लासवाला हो म्हणाला, दुसरा नाही म्हणाला, तिसरा म्हणाला आधी प्रवेश घ्या." काकांनी तुच्छतेनं हात झटकला. "शेवटी प्रवेशाची नियमपुस्तिका मिळवली आणि स्वतः वाचली. नाही होत बंद. तुम्हाला बोललो नाही, तुम्ही फार संशयी."

मी अळूची वाटी टेबलावर ठेवली. मला खरंच वाईट वाटलं, आणि रागही आला, कारण माणूस खरं बोलत होता.

नवऱ्याला मी समजावलं, ते कसं ते इथं सांगण्यासारखं नाही. शनिवारी कॉलेजात गेलो तेव्हा रेनकोट आणि छत्रीसकट काका बरोबर होते. खिडकीतल्या बाईंनी बजावलं, "विचार केलाय ना? नंतर गणित परत मिळणार नाही." मी सही केली. बाईंनी शिक्का उचलला तशी काकांनी मान फिरवली आणि शिक्का आपटला तेव्हा खिडकीची कड घट्ट धरली. जुई मात्र हसली. किती दिवसांनी हसली! आणि मैत्रिणींकडे पळाली.

आम्ही आवारातल्या बाकावर टेकलो. काका म्हणाले, "झाली डॉक्टर की ही दाढ हिलाच दाखवीन."

"काका, ती जनावरांची डॉक्टर होणार."

"असू दे."

मला हसू आलं. त्या हसण्यातच मी विचारून गेले, "काका, तुम्ही मात्र जन्मात काहीच सोडलं नाहीत ना?"

काका छत्रीचा बंद उघडत आणि लावत राहिले. "आमच्या ऑफिसात एक होत्या. नकाशे काढायच्या. त्यांचे वडील घरी विचारायला आले होते. मी म्हटलं, बघू. नाही म्हटलं नाही हो मी. दार उघडंच ठेवलं होतं."

"मग?"

"मग त्यांचं लग्न झालं. नाशिकला असतात." त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. "मी आपला सगळ्यांना सांगत फिरतो, काही सोडलं नाही म्हणून. तिला विचारलंत तर ती म्हणेल, मला सोडलं."