पावणेदोनशेचा घोळ

नवे फोन चालू करणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं वायरभाऊंनी साऱ्या ऑफिसला सांगून ठेवलं होतं. सांगणं भागच होतं. त्यांचा करार त्याच दिवशी संपत होता, आणि फोन नीट चालले तर साहेब त्यांना कायम करणार होते.

काम तसं सोपं. टेबलावरचा फोन जागा झाला की शाळेच्या पहिल्या दिवशी आलेल्या पोरासारखा विचारतो, माझा वर्ग कुठे? याचं उत्तर देणाऱ्या सर्व्हरला डीएचसीपी म्हणतात. त्यात ‘ऑप्शन सहासष्ट’ नावाचा एक रकाना असतो. प्रत्येक फोनचा नंबर ज्या मशीनवर ठेवलाय, त्या मशीनचा पत्ता तिथे टाकायचा, की झालं.

“पत्त्याच्या शेवटी पावणेदोनशे टाका,” फोन पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस मोबाइलवर म्हणाला.

“टाकले,” वायरभाऊ म्हणाले, आणि त्यांनी टाकले दोनशे पंचवीस. पावणे आणि सव्वा या दोघांशी त्यांचं शाळेपासून वाकडं होतं. आता पुन्हा विचारायचं, तर डाव्या हाताची अब्रू जायची.

दोनशे पंचवीसवर चाचणीचं जुनं मशीन होतं. त्यावर एकच नंबर ठेवलेला, साहेबांचा. त्यामुळे ऑफिसातले यच्चयावत फोन साहेब होऊनच जागे झाले. खरे साहेब तेवढे बैठकीच्या खोलीत होते.

थोड्याच वेळात सगळे फोन एकदम खणखणले. स्टोअरवाल्या काकांनी पहिला उचलला.

“अहो, ऐकलंत का?” साहेबांच्या बाईसाहेब होत्या.

काका गांगरले. “हं.”

“माझी बहीण महिनाभर राहायला येतेय. चालेल ना?”

“हं.”

फोन बंद. बाईसाहेबांना शंका यायचं कारणच नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण साहेब फोनवर ‘हं’च्या पुढे कधी गेले नव्हते.

पुढचा फोन हिशेबवाल्या बाईंनी घेतला. त्यांना सर्दी झाली होती, त्यामुळे त्यांचं ‘हं’ साहेबांच्याहून भारदस्त निघालं.

“वायरभाऊ,” त्या घाबऱ्याघुबऱ्या येऊन म्हणाल्या, “मी आत्ता साहेबांच्या घरी नवा सोफा घेतला.”

वायरभाऊ कॉम्प्युटरकडे धावले. बैठक सुटायच्या आत हे निस्तरलं नाही, तर कायम होणं बाजूलाच राहिलं, दारातून धड बाहेर पडलो तरी मिळवली! तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. आणखी कुणी काही कबूल करू नये म्हणून त्यांनी झडप घालून तो स्वतःच उचलला.

“अहो, ऐकलंत का? त्या फोनवाल्याचा करार आज संपतोय ना? द्या त्याला नारळ. त्याच्या जागी आपल्या भाच्याला घ्या. घेताय ना?”

वायरभाऊंच्या ओठांवर ‘हं’ आलंच होतं. तेही नवराच होते. पण इथे पोटावर पाय येत होता.

“नाही,” ते म्हणाले.

“काय म्हणालात?”

“नाही म्हणालो.”

बाईसाहेबांनी नवऱ्याचं ‘नाही’ कधी ऐकलंच नव्हतं, तेव्हा ते कुठल्या आवाजात येतं हे त्यांना कसं कळणार?

“बरं,” त्या हळूच म्हणाल्या. “तुम्ही म्हणाल तसं.”

मग वायरभाऊंनी अब्रू गुंडाळून ठेवली, पावणेदोनशे म्हणजे नक्की किती ते कंपनीच्या माणसाला विचारलं आणि रकान्यात एकशे पंच्याहत्तर टाकले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं.

“काल घरी गेलो, तर बायकोनं विचारलं, जेवायला काय करू. मला विचारलं. भाच्याला मी नाही म्हणालो म्हणे. मी कधी म्हणालो?”

वायरभाऊंनी सगळं सांगून टाकलं. साहेब उठले. त्यांनी दार लावून घेतलं.

“तुम्ही आजपासून कायम,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “फक्त घरचा फोन आला, की तो इथे वाजायला नको. तुमच्याच टेबलावर वाजू द्या. आणि सोफ्याचं आजच काय ते बघा.”

वायरभाऊंना इतका आनंद झाला, की घरात पाऊल टाकताच त्यांनी बायकोला सांगितलं, “अगं, कायम झालो! आता काम एकच. रोज साहेबांच्या बायकोशी फोनवर बोलायचं.”

त्या दिवशी वायरभाऊंनी आपलं ताट आपणच वाढून घेतलं.