पावलांची वही

सही मागणारा माणूस खेळाडूपुढं कागद धरतो. आमचे शेजारी गुंडप्पाकाका कागद जमिनीवर ठेवत आणि म्हणत, "जनाब, पाय द्या."

काका उस्मानाबादच्या कचेरीपुढं बसणारे अर्जनवीस. दिवसभर पक्षकारांच्या बोटांना शाई लावायची सवय. कामानिमित्त हैदराबादला गेले की फुटबॉलच्या मैदानावर हजर. तिथले नामांकित खेळाडू अनवाणी खेळत. सामना संपला की काका त्यांच्या तळव्याला शाई फासून वहीत ठसा घेत आणि खाली उर्दूत नाव लिहीत. "हातानं तर पटवारीबी सही करतो," ते म्हणत. "ज्यानं गोल केला तो पाय पायजे." स्वतः त्यांनी चेंडूला कधी लाथ मारली नव्हती. घरात एकटेच. वही बघायची तर आधी मला हात धुवायला लावत.

निजामाविरुद्ध सगळा मुलूख पेटलेला आणि हा माणूस पावलं जमवतो, याची मला चीड होती. तरी चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा लपवायला मी त्यांचंच घर निवडलं. त्यांच्यावर कोण संशय घेणार?

"मला लई भ्या वाटतंय," म्हणत त्यांनी गठ्ठा गादीखाली सारला. तेव्हापासून दार वाजलं की त्यांच्या कपातला चहा बशीत येई.

एका दुपारी मी तिथं असतानाच जमादार दोन शिपाई घेऊन आला. त्यानं काकांचा जपून ठेवलेल्या चिजांचा डबा पालथा केला. चेंडूची तुटकी वादी, रक्ताळलेली पायपट्टी. वही चाळून फेकली. "पागल है." मग त्याचा हात गादीकडं गेला.

काकांनी झडप घालून वही छातीशी धरली. "ही न्हाय देनार."

जमादार वळला. दोघा शिपायांनी ती ओढून घेतली. त्यानं आता पानं निरखून पाहिली. "नक्शे हैं. कल थाने आना." वही घेऊन ते गेले. गादी तशीच राहिली.

"उद्या खरं सांगीन, पाय हायेत म्हणून," काका म्हणाले. "कुणाला पटंल? तू गठ्ठा घेऊन दिवस मावळायच्या आत सरहद्द ओलांड."

मग त्यांनी एक कोरा अर्ज जमिनीवर ठेवला. शाई काढली.

"पाय दे."

"काका, मी कुठं खेळाडू?"

"न्हाईस. पर तूबी गेल्यावर घरात काय ऱ्हातंय?"

ठशाखाली त्यांनी माझं नाव मराठीत लिहिलं. शाई वाळेपर्यंत माझा घोटा सोडला नाही.