वॉरंटीत लाकूड बसत नाही

नव्या कोऱ्या मशीनने दोन फांद्या खाल्ल्या, तिसरी तोंडात अर्धी धरली आणि जे गप्प झालं ते झालंच. रुग्णालयाच्या मागच्या आवारात ते लालभडक धूड उभं होतं, तोंडातून पानांसकट फांदी लोंबत होती आणि त्याच्या भोवती वादळाने आडवी केलेली झाडं पसरली होती. मागचं फाटक त्यांनीच अडवलं होतं. धाकट्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग चाकाला लाथ घातली. लाथेचा परिणाम झाला, पण त्याच्याच अंगठ्यावर.

झाडं छाटायचा धंदा करणाऱ्या दोन भावांतला हा धाकटा. दुसरा थोरला. या दोघांना जन्माच्या वेळी नावंही ठेवली होती, हे आता त्यांच्या बायकांनाच ठाऊक. बाप गेल्यावरही दोघं एकाच गाडीतून, एकाच दगडावर धार लावून काम करत होते. मग टाय लावलेला एक गोडबोल्या विक्रेता आला. त्याने बोटाएवढ्या कोवळ्या काटक्या मशीनमध्ये घालून दाखवल्या आणि पलीकडून ढलप्यांचा पाऊस पाडला. धाकटा भुलला.

थोरला म्हणाला, "हे खेळणं आहे. आपल्याला धंदा करायचाय."

"तू कुऱ्हाडीला कवटाळून बस जन्मभर," धाकटा म्हणाला. "आणि ऐकून ठेव दादा, तुझ्या दारात कुऱ्हाड मागायला आलो तर नाव बदलीन."

नाव बदलायला नाव असावं लागतं, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही. तो वेगळा झाला. वाट्याला आलेली गाडी विकून मशीन घेतलं, आणि ऐट एवढी की वाटणीत आलेल्या कुऱ्हाडी, कोयते, करवती सगळं भंगारवाल्याला दिलं. रुग्णालयाचं पहिलंच काम मिळालं ते मशीनच्या नावावर. मॅनेजरने स्वच्छ सांगितलं होतं, "शनिवारी विश्वस्त येणार आहेत. तोवर फाटक मोकळं पाहिजे आणि ढलप्या बागेत पसरलेल्या पाहिजेत. जमलं तर वर्षभराचं काम तुमचं. नाही जमलं तर तुमच्या भावाला बोलावतो. तो जुन्या पद्धतीचा आहे, पण येतो तरी."

हे शेवटचं वाक्य धाकट्याच्या छातीत कुसळ अडकावं तसं अडकलं होतं.

कंपनीला फोन लावायचं काम बायकोने घेतलं, कारण धाकट्याला राग आला की शब्द फुटत नाहीत आणि तिला राग आला की दुसरं काही फुटत नाही. बराच वेळ फोनवर गाणं वाजलं. मधूनमधून एक गोड आवाज सांगत होता की आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे.

"एवढी मोलाची आहे तर उचल की मेले," बायको म्हणाली. नेमका तेव्हाच फोन उचलला गेला.

मदत केंद्रातली मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, मशीन चालू होऊन बंद पडतंय की चालूच होत नाही?"

"काल चालू होऊन बंद पडलं. आज चालूच होत नाही."

"म्हणजे दोन तक्रारी झाल्या. एका फोनवर एकच नोंदवता येते."

"बरं, मग कालची घे."

"कालचीसाठी मशीन चालू असतानाचा व्हिडिओ पाठवावा लागेल."

"अगं बाई, चालू असतं तर तुला कशाला फोन केला असता? तुझी खुशाली विचारायला?"

"मग आजची नोंदवू का?"

"नोंदव."

"आजची नोंदवली तर कालची आपोआप रद्द होईल. कारण चालूच न होणारं मशीन अडकू शकत नाही."

बायकोने फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसं विंचवाकडे पाहतात. मग पुन्हा कानाला लावला. मुलगी विचारत होती, "मशीनचं झाकण तुमच्यापैकी कोणी उघडलं होतं का? सील तुटलं असेल तर वॉरंटी संपते."

"यांना विचारते," म्हणून तिने नवऱ्याकडे पाहिलं. धाकटा अचानक खाली वाकला आणि चपलेचा अंगठा तपासू लागला. "नाही म्हण," तो चपलेला म्हणाला.

उघडलं होतं. मशीन घरी आलं त्याच संध्याकाळी उघडलं होतं. त्यांच्या घरात नियमच होता, बापाने घालून दिलेला: दुकानातून आलेल्या हत्याराची धार ही परक्याची धार, घरच्या दगडावर घासल्याशिवाय ते आपलं होत नाही. धाकट्याने सगळं सोडलं, भाऊ सोडला, पण हा नियम सुटला नाही. सील तोडून त्याने पाती काढली आणि कुऱ्हाडीला लावतात तशी दोन्ही अंगांनी झकास धार लावून परत बसवली. केस तुटेल अशी धार. त्या दिवशी त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आता तो कंपनीवर ओरडायला तोंड उघडी आणि झाकण आठवलं की तोंड मिटी. चोर असूनही बोंब मारायची सोय नाही, असा प्रसंग शत्रूवर येऊ नये.

गुरुवारी कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅबलेट, आणि हत्यार म्हणाल तर खिशाला एक पेन. आल्या आल्या त्याने मशीनला पाठ करून स्वतःचा फोटो काढला.

"मशीनचा नको?" बायकोने विचारलं.

"हा माझ्या हजेरीचा आहे."

मग तो मशीनभोवती फिरला, जसं दुसऱ्याच्या मढ्याभोवती फिरावं. धाकट्याचा जीव झाकणाच्या स्क्रूशी टांगला होता. तो चाचरत म्हणाला, "झाकण... उघडून बघणार का?"

"छे! झाकण दुसऱ्या खात्याकडे आहे. मी बाहेरून बघतो."

धाकट्याने सुटकेचा श्वास सोडला, आणि पुढच्याच क्षणी त्याला स्वतःच्या सुटकेचा इतका संताप आला की कानशिलं तापली. बिघाड आत होता आणि बाहेरून बघणारा माणूस पाठवला होता. बघ्यांची इथे काय कमी होती? रुग्णालयाचा पहारेकरी सकाळपासून फुकट बघत होता.

"यात तुम्ही काय घातलं होतं?" माणसाने विचारलं.

"लाकूड."

"अरेरे."

"अरेरे काय? लाकडाचंच मशीन आहे ना?"

"मशीन लाकडाचंच आहे, पण वॉरंटीत लाकूड बसत नाही. ओलं असेल तर पात्यांना चिकटतं. वाळलेलं असेल तर कठीण. गाठी असतील तर तो ग्राहकाचा निष्काळजीपणा. साल असेल तर ती आधी सोलायची."

"मग घालायचं काय यात?" बायको म्हणाली. "उकडलेला बटाटा?"

तो हसला नाही. पेनाने टॅबलेटवर काहीतरी खुडबुडला आणि निघाला. तो फाटकातून बाहेर पडायच्या आत तिच्या फोनवर निरोप आला: तुमच्या तक्रारीचे यशस्वी निवारण झाले आहे, कृपया सेवेला तारे द्या.

"तारे दाखवते मी याला, दिवसा," ती म्हणाली आणि पदर खोचून चालू पडली.

"कुठे निघालीस?"

"दादांकडे."

"खबरदार! मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय. माझी जीभ कुठे गहाण पडलीय?"

थोरला शुक्रवारी दिवस उजाडताच आला. बरोबर त्याची बायको, त्याचे गडी आणि भाड्याच्या गाडीत भरलेली हत्यारं. धाकट्याशी एक अक्षर बोलला नाही. आधी मशीनपाशी गेला, लोंबती फांदी ओढून काढली, झाकणाचे स्क्रू फिरवले आणि आत डोकावला. बराच वेळ डोकावला.

"दोन्ही अंगांनी?" तो म्हणाला.

धाकट्याने मान हलवून कबूल केलं.

"अरे गाढवा, हे सुताराच्या रंध्यासारखं पातं आहे. एकाच अंगाने धार असते याला."

"माहीत नव्हतं, दादा."

थोरल्याने बोट पात्यावरून अलगद फिरवलं. "लावलीयेस मात्र बापासारखी." झाकण बंद करत तो हळूच म्हणाला, "मीही हेच केलं असतं." मग एक कुऱ्हाड त्याच्याकडे फेकली. "धर. ही मी दिलीय, तू मागितली नाहीस. तुझं नाव शाबूत."

मग जे काम झालं ते काम. पुरुषांनी ओंडके फोडले, दोघी जावांनी कोयत्याने फांद्या तोडून तोडून त्यांच्या ढलप्या पाडल्या, अगदी मशीनने पाडाव्यात तशा, कारण मॅनेजरला ढलप्याच हव्या होत्या. तळहाताला फोड आले, फोड फुटले. संध्याकाळी फाटक मोकळं झालं आणि बागेतली प्रत्येक कुंडी ढलप्यांनी भरली. मशीन दिवसभर मधोमध उभं होतं. त्याच्यावर एका गड्याने सदरा वाळत घातला होता, तेवढाच त्याचा हातभार.

शनिवारी विश्वस्त आले. त्यांनी मोकळं फाटक पाहिलं, ढलप्या पाहिल्या आणि मग त्यांची नजर त्या लाल धुडावर गेली.

"वा! एवढं सगळं एका मशीनने?"

मॅनेजरची छाती फुगली. "मी म्हटलंच होतं साहेब, जमाना यंत्राचा आहे."

धाकट्याने तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं, शपथेवर सांगायचं होतं. पण विश्वस्तांबरोबर आलेला फोटोवाला पुढे झाला, धाकट्याला मशीनशेजारी उभं केलं आणि थोरल्याला म्हणाला, "अहो काका, त्या कुऱ्हाडी जरा बाजूला घ्या. फोटोत बरं दिसत नाही."

थोरल्याने कुऱ्हाडी बाजूला घेतल्या. कुऱ्हाडींबरोबर तोही बाजूला झाला. मोठे विश्वस्त म्हणत होते, "वर्षभराचं काम यांनाच द्या. पण अट घाला, मशीन कायम आवारात उभं दिसलं पाहिजे. नाहीतर हे लोक पुन्हा हाताने करायला लागतात." धाकट्याने तोंड मिटलं. सत्य बोलायलाही पोट भरलेलं लागतं.

एकाचं पाहून दुसऱ्याने केलं. शाळेलाही मशीनवाला हवा झाला, कचेरीलाही. थोरल्याची सगळी जुनी कामं महिन्याभरात सुटली. ज्या कामासाठी त्याने तळहात सोलले, त्या कामानेच त्याचा धंदा बुडवला. तो धाकट्याकडे आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "गडी पाहिजे का?"

"दादा, लाजवू नकोस."

"लाजायचं काय त्यात? मालक मशीन आहे. आपण दोघंही गडीच."

तेव्हापासून असं चाललं. सकाळी मशीन ओढत न्यायचं, रस्त्यावरून दिसेल असं उभं करायचं, तोंडात चार ताज्या फांद्या खोचायच्या आणि इमारतीमागे जाऊन कुऱ्हाडी चालवायच्या. मॅनेजर खिडकीतून बघे आणि समाधानाने मान डोलावी. एकदा त्याने विचारलंही, "आवाज कसा येत नाही?"

"रुग्णालय आहे ना साहेब," थोरला म्हणाला. "बिनआवाजाचं घेतलंय." यावर मॅनेजरने त्याची पाठ थोपटली.

आणि मग, कोणी बोलावलं नसताना, कंपनीचा खरा कारागीर आला. कळकट कपडे, हत्यारांची जड पेटी. त्याने कोणाला न विचारता झाकण उघडलं आणि क्षणात डोकं बाहेर काढलं.

"पाती कोणीतरी अडाण्याने दोन्हीकडून घासलीत."

धाकटा दोन पावलं मागे सरकला.

"पण बिघाड त्याचा नाही. पाती बदलता येतात. इंजिनाची ताकद पात्यापर्यंत नेणारी आतली कडी कच्ची आहे. या सगळ्याच मशिनांची. कंपनीला विकायच्या आधीपासून माहीत होतं. आता बोभाटा झाला म्हणून मला धाडलंय."

धाकट्याने कपाळावर हात मारला. इतके दिवस रात्री कूस बदलत तो स्वतःला शिव्या देत होता, बापाच्या नियमाला देत होता. टॅबलेटवाल्यासमोर मांजर झाला होता. आणि तिकडे एक अख्खी कंपनी हे जाणून निवांत घोरत होती.

"दुरुस्त करून देतो," कारागीर म्हणाला. "फुकट. मशीन कारखान्यात न्यावं लागेल."

"परत कधी?" धाकट्याच्या बायकोने विचारलं.

"नवी कडी आली की. ती कधी येईल, ते आमच्या हातात नाही."

त्याने मशीनला साखळी लावायला हात घातला, तोच थोरला आडवा आला. ज्याने या मशीनपायी भाऊ गमावला होता, धंदा गमावला होता, तो थोरला. हातात कुऱ्हाड होती.

"हात लावायचा नाही."

"अहो, ते चालत नाही!"

"कोण म्हणतं? उत्तम चालतंय. आमची दोन घरं चालताहेत त्याच्यावर."

"पण तक्रार तुमचीच आहे!"

"मागे घेतली," बायको म्हणाली. "आणा तो टॅबलेट. कुठे द्यायचे ते तारे? सगळे दिले."

कारागिराने झाकण पुन्हा लावलं. मग पेटी उचलून निघून गेला. वेड्यांच्या नादी लागू नये, एवढं त्याला कळत होतं.

तो गेला आणि पावसाचे थेंब पडायला लागले. ताडपत्री एकच होती, माणसांनी आडोशाला बसावं म्हणून आणलेली. थोरल्याने ती मशीनवर टाकली, चारी टोकं ओढून दोरीने घट्ट बांधली आणि कुऱ्हाड घेऊन भिजत कामाला लागला.

"दादा, अरे आपण भिजतोय," धाकटा म्हणाला.

"आपण काय, वाळू पुन्हा," थोरला म्हणाला. "ते गंजलं तर खायचं काय?"