अमारोंची निळी पेटी

सासरे दुपारी जेवून आडवे झाले ते गेलेच, आणि जाता जाता वाल्दिरची पंचाईत करून गेले.

हे सासरे, अमारो, म्हणजे निळ्या बैलाचे निशाणधारी. नदीतल्या त्यांच्या बेटावर दर जूनमध्ये सोंगाच्या दोन बैलांचा नाचगाण्याचा खेळ होतो, एक लाल आणि एक निळा. बाकीचं वर्षभर माणसं त्यावरून एकमेकांशी अबोला धरतात. लाल वस्तीतला माणूस निळ्या बैलाचं नावसुद्धा घेत नाही, ‘पलीकडचा’ म्हणतो. निळेही तेच करतात. वाल्दिर लाल बैलाचा रंगकार होता. पोशाख, रथ, पिसांचे मुकुट, सगळ्यांचे रंग तोच ठरवायचा. मिरचीचा लाल कुठला, मकाव पोपटाचा कुठला, हे त्याला अंधारातही सांगता आलं असतं. निळ्याला मात्र त्याने उभ्या जन्मात ब्रश लावला नव्हता. लग्न ठरवायला लाल शर्ट घालून गेला, तेव्हापासून अमारोंनी त्याला ओसरीच्या आत घेतलं नव्हतं.

आणि आडवं होण्याआधी घरच्यांना सांगितलेली शेवटची इच्छा काय, तर, “मला निळ्या पेटीतून न्या. रंग वाल्दिरने द्यायचा. माणूस पलीकडचा आहे, पण हात आहे त्याला.”

“बाबा आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याबद्दल बरं बोलले,” डोळे पुसत त्याची बायको सिर्लेनी म्हणाली. “उद्या सकाळी न्यायचंय. माती करू नकोस. केलीस ना, तर मी आईकडेच राहीन, सांगून ठेवते.”

ती हे उगाच बोलत नव्हती, हे वाल्दिर पुरतं जाणून होता.

तो तेल्माच्या रंगांच्या दुकानात गेला. “निळा द्या.”

“कुणाला?”

“मला.”

तेल्माने छातीवर क्रूस काढला. “शेवटचाच डबा आहे. अमारोंसाठी सगळी पलीकडची वस्ती होड्या रंगवतेय. पण तू रे? तू कधी फुटलास?”

डबा घेऊन तो लाल बैलाच्या शेडपाशी पोचेपर्यंत बातमी त्याच्या आधी पोचली होती. शेडप्रमुख नोनातो दारातच हात पसरून उभा. “आत निळा आणायचा नाही!”

“सासरे गेले माझे. त्यांच्या पेटीला हवाय.”

नोनातोने टोपी काढली. “मयताचं काम आहे. कर बाबा. पण दारंखिडक्या लावून घे. कुणी पाहिलं तर माझी धडगत नाही.”

सुताराने पेटी आणून ठेवली आणि दारं लागली. उजेड येत होता तो फक्त छपरातून, आणि छपराला होती लाल ताडपत्री. त्या शेडमध्ये दुसऱ्या रंगाची ताडपत्री येणारच कशी?

वाल्दिरने पहिला हात मारला. रंग काळाकुट्ट दिसला. ‘भलताच गडद दिला तेल्माने,’ असं पुटपुटत त्याने पांढरा घातला. तरी काळपटच. आणखी घातला. करता करता डबाभर निळ्यात डबाभर पांढरा गेला, तेव्हा कुठे त्याच्या मनासारखं झालं. पेटी वाळत ठेवून तो घरी गेला.

सकाळी चौघांनी पेटी उचलून उन्हात आणली आणि चौघेही जागच्या जागी थांबले. पेटी फिक्की, दुधट, तान्ह्या बाळाच्या दुपट्यासारखी निळी झाली होती.

“अरे देवा,” नोनातो म्हणाला. “मयत आहे की बारसं?”

वाल्दिरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या उजेडात दिसणार त्याच उजेडात रंग पारखायचा, हे नवख्यांना तोच ओरडून ओरडून शिकवायचा. पण त्या छपराखाली लाल नेहमी छानच दिसायचा. त्या लाल उजेडात निळा काळा दिसतो, हे बघायची वेळ कधी आलीच नव्हती.

सिर्लेनी आली, तिने पेटी पाहिली. ओरडली नाही, आणि त्यानेच तो जास्त घाबरला. “दुसरा हात दे,” एवढंच म्हणाली.

“बेटावर निळा उरलेला नाही.”

ती मटकन पायरीवर बसली. “त्यांनी एकच गोष्ट मागितली होती रे.”

वाल्दिर पेटीभोवती फिरत राहिला. निळा वाढवता येत नव्हता, पण शेजारी बदलता येत होता. रंग कधी एकटा दिसत नाही, शेजाऱ्यामुळे दिसतो. आणि फिक्क्या निळ्याला उठाव देणारा शेजारी शेडमध्ये ढिगाने पडला होता. तो आत गेला आणि शेंदरी झाकेच्या लाल कापडाचा तागा घेऊन आला.

“लाल? बाबांच्या पेटीला?” सिर्लेनी ताडकन उठली. “डोकं फिरलंय का तुझं?”

“आधी लावू दे. मग मार मला.”

त्याने आतून अस्तर लावलं आणि काठावर बोटभर पट्टी बाहेर काढली. “आता चार पावलं मागे जा. डोळे बारीक करून बघ.”

तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “निळी झाली रे,” ती हळूच म्हणाली. मग तिला रडू फुटलं. “पण लाल काय कुणाला दिसणार नाही का?”

दुसरा इलाज नव्हता. पेटी निघाली.

अमारोंच्या घरी सगळी निळी वस्ती जमली होती. पेटी खोलीत ठेवली आणि कुजबुज एकदम थांबली. निळ्या ढोलवाल्यांचा म्होरक्या क्लेमेंती पुढे आला. “ही थट्टा आहे का? आमच्या निशाणधाऱ्याला त्या रंगात निजवणार?”

उठाव, शेजारी, डोळे बारीक करणं, यातलं काही म्हणजे काही तिथे सांगण्यासारखं नव्हतं.

सासूबाई, झेनाइदा, आतून आल्या. पेटीजवळ उभ्या राहिल्या. अस्तरावरून त्यांनी सावकाश हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

“रंग याने द्यायचा असं ते म्हणाले होते ना?” झेनाइदा म्हणाल्या. “मग दिलाय याने. झालं. उचला त्यांना.”

त्यांच्यापुढे बोलायची क्लेमेंतीची काय टाप! अमारोंना निजवलं. सिर्लेनीने नवऱ्याचा हात धरला आणि तो सोडला नाही. ऊन तापायच्या आत दफन झालं. निळी निशाणं झुकली, ढोल वाजले, माणसं मनापासून रडली, आणि वाल्दिरही रडला.

परतल्यावर झेनाइदांनी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि कॉफीचा पेला हातात दिला.

“जावईबापू, माझं माहेर कुठलं, माहीत आहे?”

“नदीच्या वरच्या अंगाचं गाव ना?”

“लाल गाव. लहानपणी मी लाल बैलापुढे नाचायचे. लग्न झालं आणि निळी झाले. पण मन लालच राहिलं, हे यांना कधी कळू दिलं नाही. दर जूनला निळा झगा घालून टाळ्या वाजवल्या. कान मात्र तुमच्या ढोलाकडे असायचे.” त्यांनी सरळ हाताच्या पंजाने डोळे पुसले. “आज ते कापड हाताला लागलं आणि हात उचलवेना रे.”

वाल्दिरने पेला खाली ठेवला.

“माझी पेटीसुद्धा तूच कर. बाहेरून निळीच ठेव, यांच्या शेजारी जायचंय मला. आतून मात्र सगळी लाल, अगदी उशीसकट. काठावर पट्टीबिट्टी काढू नकोस, आणि झाकण घट्ट बसलं पाहिजे.”

“करतो, आई.”

“आणि सिर्लेनीला यातलं अक्षर कळता कामा नये,” दाराकडे बघत त्या म्हणाल्या. “पोरगी बापावर गेलीय. मला त्या पेटीत पाऊल ठेवू द्यायची नाही.”