मत नको, दिसलं ते सांगा

आमच्या गल्लीत शांताक्कासमोर कुणाची कागाळी करायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, "अक्का, त्या बायडीची सून लई आळशी हो," की शांताक्का काखेतली वही काढायची, पेनचं टोपण दातात धरायची आणि म्हणायची, "मत नको. दिसलं ते सांगा."

"म्हंजे?"

"आळशी हे तुमचं मत झालं. डोळ्याला काय दिसलं?"

सांगणारीची पंचाईत. शेवटी निघायचं एवढंच, की सून सकाळी सातला उंबऱ्यावर बसून चहा पीत होती. "मग तसं म्हणा की. चहा पीत होती." वही बंद. गल्लीतली निम्मी भांडणं अशी जागच्या जागी मेली. भांडणावर दिवस काढणाऱ्या बायकांना तिचा फार राग यायचा. मला मजा वाटायची.

मी दत्तू मिस्त्री. शिक्षण दुसरी यत्ता, तीही निम्मी. पण चाळीस वर्षं ऑइल इंजिनं दुरुस्त केली. कागलपासून हुपरीपर्यंत कितीतरी मळ्यांतल्या इंजिनांना माझा हात लागलाय. नुसता आवाज ऐकून मी सांगायचो, नोझल गेलाय का रिंगा. ही बढाई नाही. बरं, बढाईच आहे, पण खरी आहे.

शांताक्का गल्लीच्या तोंडाला बालवाडी चालवायची. लिंगायताची बाई, माहेर सीमेकडचं. आमच्याशी मराठी बोलायची, देवाशी आणि मांजराशी कानडी. नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला, पोरबाळ नाही. पुढच्या खोलीत बालवाडी, मागच्या खोलीत ती. बालवाडी बाराला सुटायची, पण अक्का तीनपर्यंत तिथंच. झाडलेलं पुन्हा झाडायची, छोट्या बस्करांच्या घड्या मोडून पुन्हा घालायची. मी येता-जाता बघायचो आणि मनात म्हणायचो, बाईला स्वच्छतेचं वेड आहे. हे माझं मत होतं, हे पुढं कळलं.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. बालवाडी ज्या मंडळाची, त्याच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं की बाईंना पदवी पाहिजे. मुदत तीन वर्षं. नाहीतर त्यांची शिकलेली पुतणी तयारच होती. झालं, शेहेचाळिसाव्या वर्षी अक्कानं नाव घातलं. पुस्तकं पोस्टानं यायची आणि दर रविवारी शाहूपुरीत वर्ग. पदवी कसली, तर बालशिक्षण आणि मानवसेवा, दोन्ही एकत्र.

मी म्हटलं, "एका तिकिटात दोन पिच्चर!"

"व्हय की मामा. एकात बारकी पोरं, दुसऱ्यात तुमच्यासारखी."

त्या पुस्तकांनी बाई पार बदलली. ते 'मत नको, दिसलं ते सांगा' हेही त्यांतलंच. पुस्तकात होतं, पोराशी बोलताना आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणावेत. अक्काला खाली बसायची अशी सवय लागली, की समोर कोण आहे हेही ती बघेना. एकदा अध्यक्ष बालवाडी तपासायला आले. सहा फुटी गडी. "नमस्कार साहेब" म्हणत अक्का त्यांच्यासमोर मटकन उकिडवी बसली. साहेबांना वाटलं, पाया पडतेय. दोन्ही हात वर करून म्हणाले, "असू दे, असू दे. सुखी राहा." अक्का खालून म्हणाली, "खडू संपल्यात, साहेब." आशीर्वाद दिलेला माणूस नाही कसं म्हणेल? दुसऱ्या दिवशी खडूचे चार खोके आले.

दुसरी गोष्ट शाबासकीची. पुस्तक म्हणे, पोराला नुसतं शाब्बास म्हणू नका, त्यानं काय केलं ते सांगा. अक्का आमच्या गवळ्याला म्हणाली, "तुमी फेस खाली बसू दिलासा, मग माप काठापातूर भरलासा." गवळी गार. वीस वर्षांत त्याच्या मापाकडं असं कुणी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून तिला रोज वर एक पळी दूध जादा. मी ते बघून गवळ्याला म्हटलं, "तू माप काठापातूर भरलास." तर म्हणतो, "मिस्त्री, संशय घेतासा व्हय?"

तिसऱ्या वर्षी मात्र घोळ झाला. पोरांची फाईल पुरी झाली, म्हाताऱ्यांची अडली. एकटं राहणारं एक म्हातारं माणूस निवडून, त्याच्याकडं भेटी देऊन निरीक्षण लिहायचं होतं. अक्कानं मागच्या आळीतली एक आजी धरली होती. तिसऱ्या भेटीनंतर आजीला लेक हुपरीला घेऊन गेली. फाईल द्यायला महिना राहिला होता. फाईल नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर बालवाडीत पुतणी.

अक्का माझ्या दारात येऊन उकिडवी बसली.

"मामा, एक म्हातारं माणूस पायजे होतं."

"मग बघ की कुठं घावतंय काय."

"घावलंय."

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"अक्का, मी म्हातारा न्हाय. बहात्तर हे वय हाय, म्हातारपण न्हाय."

"एकटं राहणारं पायजे."

"मी एकटा न्हाय. पोरगा इचलकरंजीत हाय. दर नागपंचमीला येतोय. आणि हे काय, अंगणात इंजिन हाय."

अक्का वही उघडून बसली. "अंगणात इंजिन हाय," एवढंच लिहिलं. मग हळूच म्हणाली, "पुतणीला पोरांची नावंबी ठावं न्हाईत, मामा. त्यातली ती बारकी राणी अजून बोलत न्हाय, नुसती माझा पदर धरती. मी गेलो तर कुणाचा धरंल?" आमच्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात. पण त्या दिवशी "गेलो" म्हणताना तिचा आवाज खाली बसला. टाकीतलं डिझेल संपत आल्यावर इंजिनाचा बसतो तसा.

मी हो म्हटलं. अट एकच: वहीत 'बिचारा' हा शब्द येता कामा नये.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला अक्का आली. मी धुतलेलं धोतर, लग्नातला कोट आणि पटका बांधून खुर्चीवर बसलो होतो. अक्कानं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि लिहिलं.

"काय लिवलंस?"

"मामांनी घरात कोट घातला. घाम येतोय."

"घाम काढ त्यातला."

"दिसलाय त्यो."

चार दिवस मी कोटात बसलो. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "मामा, तुमी असं फोटोला बसल्यागत बसलासा तर मी नापास होणार." कोट उतरवला. मग ती खरंखुरं लिहायला लागली आणि माझी झोप उडाली. "उठताना डाव्या हातानं चौकट धरतात. म्हणाले, पाय शाबूत हाय." "भाकरी एकच थापली. तव्यावर दुसरी टाकण्याइतकं पीठ उरलं." "इंजिन चालू केलं. दुरुस्त करायचं काही नव्हतं. दहा मिनिटं ऐकलं, बंद केलं."

मी चिडलो. पण खोटं एकही नव्हतं. आणि खरं सांगू, मला तिचा मान वाटायला लागला. मीही जन्मभर हेच केलं होतं. कच्चा मिस्त्री आधी पाना घेतो, पक्का आधी कान लावतो.

फाईल देण्याच्या आदल्या दिवशी अक्का आली ती रडकुंडीला. शेवटचं पान कोरं. वर छापलं होतं: निष्कर्ष.

"मामा, हितं मत लिवा म्हंत्यात. तीन वर्सं मत नको, मत नको म्हणून घोकलं. आता हात चालंना."

"बास? एवढंच?" मी म्हटलं. "अक्का, आवाज ऐकून झाला की मिस्त्रीला तोंड उघडावं लागतं. काय गेलंय ते सांगावं लागतं. न्हाईतर गिऱ्हाईक इंजिन उचलून दुसरीकडं नेतंय."

ती पेनचं टोपण दातात धरून बसली. चहा निवला. मग तिनं एका दमात दोन ओळी लिहिल्या आणि फाईल माझ्या मांडीवर ठेवली. मी अक्षर अक्षर जोडून वाचतो, त्याला वेळ लागतो. लिहिलं होतं: 'रोज चार वाजता कुणीतरी यावं असं मामांना वाटतं. ते तसं कधी म्हणत नाहीत.'

"हे मत हाय!" मी ओरडलो.

"व्हय. मत हाय."

"खोटं हाय."

"खोडू?"

तिनं पेन पुढं केलं. मी अंगणातल्या इंजिनाकडं बघितलं.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "परीक्षेचा प्रश्न हाय म्हणून. न्हाईतर खोडलं असतं."

ती पेला विसळायला आत गेली, तेवढ्यात मी फाईल उलटून पहिलं पान बघितलं. छापील कागद होता. भेटी: किमान दहा. मी आतल्या तारखा बोटानं मोजल्या. सव्वीस. रविवारीही, वर्ग करून आल्यावर. महिन्यात चारच दिवस ती आली नव्हती, आणि तेव्हा तिला ताप होता. अक्का बाहेर आली तेव्हा फाईल जागच्या जागी होती.

पुढं ती पास झाली. अध्यक्षांनी हार घातला. अक्का पुन्हा खाली बसली आणि अध्यक्षांनी पुन्हा आशीर्वाद दिला. या वेळी अक्कानं बालवाडीला पंखा मागून घेतला. राणी आता बोलते, आणि कुणी काही सांगायला लागलं की विचारते, "तू बगितलंस काय?" पुतणीचं लग्न झालं. गवळी अजून पळीभर जादा घालतो.

पण मला सांगायचाय तो फाईल दिल्याच्या दुसऱ्या दिवशीचा दिवस. शांताक्काकडून शिकलोय तसंच सांगतो. मत नको, दिसलं ते.

दुपारचे चार. शांताक्का आली आणि उंबऱ्याशी बसली. काखेत वही होती, पेन नव्हतं. माझ्या स्टोव्हवर दोन कपांचं आधण आधीच ठेवलेलं होतं. तिला ते दिसलं. तिनं वही उघडली नाही.