न घडलेल्या सभेची अध्यक्ष

इमारतीच्या अध्यक्षपदी अकरा वर्षांची मुलगी एकमताने निवडून आली. असं काहीही घडलेलं नाही. इतिवृत्तात स्वच्छ लिहिलं आहे, ‘असे काहीही घडले नाही.’ खाली अध्यक्ष म्हणून तिचीच सही आहे.

तर न घडलेली हकिकत अशी.

तळमजल्याच्या हॉलमध्ये दर शनिवारी चारला ताईंचा वर्ग भरे. ऑटिझम असलेली, कमी ऐकू येणारी, अडखळत बोलणारी अशी आठ मुलं, त्यांत ही मुलगीही, तिथे चारचौघांत वागायला शिकत. आपला नंबर येईपर्यंत थांबायचं, नाही म्हणायचं, समोरच्याचं नाही ऐकून घ्यायचं. हॉल फुकट, म्हणून फी परवडणारी. दुसरीकडची फी ऐकून मुलीच्या आईने फोन कानापासून लांब धरला होता, जणू आकडा चावणार होता.

त्या शनिवारी हॉलमध्ये इमारतीची वार्षिक सभा होती, म्हणून वर्ग जिन्याखाली हलला. सभेचा विषय क्रमांक पाच होता, ‘गोंगाटामुळे वर्गास हॉल देणे बंद करणे.’

मुलगी शब्दन् शब्द पकडायची, म्हणून वर्गात तिला ‘वकील’ म्हणत. त्या दिवशीचा अभ्यास होता, चालू गटात सामील होणे. जवळ उभं राहा, ऐका, तीन सेकंद शांतता झाली की विचारा, ‘हो’ म्हणाले तर बसा. वकील वर्गातला पिवळा चेंडू घेऊन हॉलच्या दारात उभी राहिली.

“यंदा अध्यक्ष कोण होतंय?” सेक्रेटरींनी विचारलं.

सव्वीस माणसांनी एकदम मोबाइल काढले. मागचे अध्यक्ष पाण्याची टाकी बघून येतो म्हणून गेले होते, ते दुसऱ्या गावातच राहायला गेले होते. एक सेकंद. दोन. तीन.

“मी होऊ का?”

हशा पिकला. “हो हो, अवश्य मॅडम!” गच्चीवाले काका म्हणाले.

“माझं अनुमोदन!” दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हात वर केला. नऊ वर्षांत हे दोघं पहिल्यांदाच एका बाजूला होते. मग सगळेच हात वर गेले आणि सेक्रेटरींनी सवयीने शाईच्या पेनाने लिहून टाकलं.

वकील खुर्चीत जाऊन बसली.

“अगं बाळा, गंमत केली आम्ही.”

“गंमत असेल तर आधी सांगायचं. धडा दुसरा.”

“पण अगं...”

“काका, चेंडू तुमच्याकडे नाहीये. ज्याच्या हातात चेंडू, त्यानेच बोलायचं.”

सेक्रेटरींनी नियमावली उघडली. वयाची अट नव्हती. नियम करणाऱ्यांना एवढं सुचलं नव्हतं. अध्यक्षाला काढायचं तर नोटीस लागे, आणि तिच्यावर अध्यक्षाचीच सही.

“करशील सही?”

“नाही. थँक्यू.” हा पाचवा धडा. त्यात ती वर्गात पहिली होती.

मग विषय एक निघाला, पार्किंग. काका-काकूंचं नऊ वर्षांचं युद्ध.

“काका, आधी काकू काय म्हणतात ते सांगा. मग तुमचं.”

काकांनी चेंडू हातात धरून बराच विचार केला. “या म्हणतात की... काय म्हणतात या?”

चेंडू काकूंकडे गेला. “मला फक्त सायकल ठेवायचीय हो!”

“एवढंच?” चेंडू नसताना काका ओरडले.

“एवढंच!”

“मग ठेवा की!”

मग चेंडूसाठी रांग लागली. आजवर एकदाही न बोललेला चौथ्या मजल्यावरचा शिंपी पूर्ण दोन मिनिटं बोलला आणि खाली बसून पाणी प्यायला. आता दारात ताई, सात मुलं आणि वकिलाची आई उभी होती. विषय पाच आला तशी आईने पदराचं टोक मुठीत गच्च धरलं.

“गोंगाट,” सेक्रेटरी हळूच म्हणाले.

वकिलाने वही उघडली. “चार ते पाच. सभेत मध्येच बोललेले, बेचाळीस वेळा. जिन्याखालून आलेले आवाज, तीन. त्यात एक शिंक. जास्त गोंगाट करतो त्याचा हॉल बंद करायचा ना?”

तीन सेकंद शांतता झाली. सहाही झाली. चेंडू सेक्रेटरींच्या हातात होता. “विषय मागे घेतो,” ते म्हणाले.

“अगं, माझं सोनं...” आई म्हणाली.

“आई, चेंडू!”

बाहेर कळलं तर लोक हसतील, म्हणून इतिवृत्त बदलायचं ठरलं. वकिलाने ते दोनदा वाचलं.

“हे खोटं आहे.”

“ही गंमत आहे,” सेक्रेटरी आधीच म्हणाले.

“मग ठीक. पण विषय पाचही घडला नाही, असं त्यात लिहा.” तिने सही केली आणि राजीनामा दिला, कारण सहाला तिची पोहायची वेळ होती.

पुढच्या शनिवारी हॉलमध्ये, ताईंच्या टेबलावर एक अर्ज होता.

‘महोदया, आपल्या वर्गाची वयोमर्यादा सहा ते बारा आहे. अर्जदाराचे वय त्रेसष्ट. मी घरी पत्नीला एकतीस वर्षे बोलू दिले नाही, असे ती म्हणते. मी पूर्ण ऐकले नाही. तरी वयात एक्कावन्न वर्षांची सूट मिळावी, ही नम्र विनंती. आपला, सेक्रेटरी.’