ड्राइव्हवेतला स्पेन

वैद्यकाका-काकू युरोपला गेले असं समजून मी शनिवारी सकाळी त्यांच्या लॉनवर गवत कापायचं मशीन सुरू केलं. शेजारधर्म, दुसरं काय. ड्राइव्हवेमध्ये एक पांढरी कॅम्परव्हॅन उभी होती, पडदे ओढलेली. असेल कुणाची तरी, म्हणून मी तिच्या अगदी खिडकीखालून मशीन फिरवत राहिलो. शेवटी पडदा सरकला आणि बनियनमधले वैद्यकाका बाहेर डोकावले.

"केळकर, मशीन बंद करा. आम्ही स्पेनमध्ये झोपलोय."

विमान पुढच्या शनिवारचं होतं. मी तारीख चुकलो होतो, आणि काका निघायच्या आधीच पोचले होते.

वैद्यकाका टेलिकॉममधले निवृत्त इंजिनिअर. ते नागपूरहून इकडे कॅनडात, कनाटाला आले तेव्हा म्हणे आमच्या घराच्या जागी मक्याचं शेत होतं. मी आलो तो सगळं बांधून तयार झाल्यावर, त्यामुळे माझे केस पिकले तरी मी त्यांच्या दृष्टीने नवीनच. ट्रायल घेतल्याशिवाय काहीही करायचं नाही, हा त्यांचा धर्म. बर्फ उपसायचं नवीन शोव्हल आणलं की ऑक्टोबरमध्येच वाळक्या पानांवर त्याची ट्रायल. सत्यनारायणाच्या आदल्या दिवशी त्यांनी गुरुजींना बोलावून अर्धी पूजा करून घेतली होती. गुरुजींनी तक्रार केली नाही, प्रसाद दोन्ही दिवशी खाल्ला.

पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, इटली असा उन्हाळाभराचा बेत होता. तिकडे भाड्याने मिळणार होती तशीच गाडी त्यांनी इकडे भाड्याने आणली आणि स्वतःच्या घरासमोर लावून दोघं त्यात राहायला लागली. घरात जायचं नाही, हा नियम.

"सिस्टिम आहे," काका म्हणाले. "सिस्टिम फेल व्हायची तर इथे होऊ दे. तिकडे नको."

मागून काकू म्हणाल्या, "अहो, पोह्यांना कढीपत्ता हवाय. तो बघा, माझ्या किचनच्या खिडकीत दिसतोय."

"तो कॅनडात आहे."

"मी पटकन जाऊन आणते."

"व्हिसा आहे?"

कढीपत्ता शेवटी आमच्या घरून गेला. मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, तो काकूंना कुंपणावरून दिला. काकांनी बघितलं, पण पोहे छान झाले होते म्हणून केस पुढे नेली नाही.

सगळ्यात जास्त कौतुक पाण्याच्या टाकीचं. गाडी दाखवताना त्यांनी मला इंजिन दाखवलं नाही, बेड दाखवला नाही. आधी टाकी. "एजंटला पहिला प्रश्न हाच विचारला. टाकी केवढी? लहान होती ती गाडी कॅन्सल केली. वर हे कॅन. बॅकअप." दात घासायला अर्धा कप. काकूंनी तांदूळ एकदाच धुवायचे. टाकी अर्ध्यावर आली की काकांचा चेहरा पडायचा.

मी हसून मंजिरीला म्हटलं, "युरोपला चाललेत की राजस्थानच्या वाळवंटात?" काकू तेव्हा आमच्याच किचनमध्ये आल्याचा चहा चोरून पीत होत्या. त्या हसल्या नाहीत.

"रेवासाठी आहे ते," त्या म्हणाल्या.

रेवा त्यांची एकुलती एक मुलगी. पोर्तुगालमधल्या एका समुद्रकाठच्या गावात असते. तिथल्याच मुलाशी तिने लग्न केलं आणि मग घरी फोन केला. काका फोनवर म्हणाले होते, "तुझ्या घरचं पाणीही पिणार नाही मी."

"आपल्यात जुनी माणसं म्हणायचीच ना तसं," काकू म्हणाल्या. "रागात बोलून गेले. पण एकदा बोलले म्हणजे संपलं. आता तिला दिवस गेलेत. ह्यांना जायचंय, पण शब्दही मोडायचा नाही. म्हणून हे सगळं. तिच्या दारात गाडी लावायची, आपल्या गाडीत झोपायचं, आपलं पाणी प्यायचं."

"आणि रेवाला माहीत आहे?"

"येतोय एवढं मी सांगितलंय. ती 'ओके' म्हणाली. त्या 'ओके'चा अर्थ लावत बसलेय मी तेव्हापासून."

पुढच्या शनिवारी मी त्यांना एअरपोर्टवर सोडलं. मग ग्रुपवर फोटो यायला लागले. पहिला एका निळ्या भिंतीसमोर, लिंबाच्या झाडाखाली. दुसराही तिथलाच. इटलीची वेळ झाली तरी भिंत निळीच.

ऑगस्ट संपताना दोघं परत आली. आम्ही बॅकयार्डमध्ये कणसं भाजायला बोलावलं. काका ग्रिलपाशी उभे राहून मला दक्षिण युरोप समजावत होते.

"काका, स्पेन कसं होतं?"

"केळकर, एक देश नीट बघावा. लोक धावत सुटतात. आम्ही पोर्तुगाल सविस्तर पाहिला."

"आणि टाकी?"

"गळाली. पोचायच्या दिवशीच. थेंब राहिला नाही. तिकडे मेंटेनन्सच्या नावाने बोंब आहे." आयुष्यात प्रथमच सिस्टिम फेल झाल्याचं ते सांगत होते, आणि चांगलेच खुशीत होते.

मी प्लेट्स आणायला आत गेलो. काकू मंजिरीला हळू आवाजात सांगत होत्या, मला बघून थांबल्या नाहीत.

"गावाच्या अलीकडे ह्यांनी गाडी थांबवली. म्हणाले, टायर बघतो. मी आरशात बघतेय, हे वाकून टाकीची तोटी उघडतायत. सगळं पाणी सोडून दिलं. कॅनसुद्धा ओतले. रुमालाला हात पुसत आले आणि बसले."

"तुम्ही काही बोलला नाहीत?" मंजिरीने विचारलं.

"विचारलं ना. म्हटलं, टायर ठीक आहे? म्हणाले, एकदम. मग तिच्या दारात गाडी लावली, बेल वाजवली. रेवा एवढं मोठं पोट घेऊन दारात. हे म्हणतात, 'अगं, टाकी गळाली आमची. जरा पाणी मिळेल का?' ती ह्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'बाबा, कम इन. टँकचं नंतर बघू.' पाणी आणलं. हे गटागट प्यायले आणि ग्लास पुन्हा पुढे केला."

बाहेर काका कणसं करपल्याची सूचना मोठ्याने देत होते.

सगळी गेल्यावर मी ग्रिल घासत म्हटलं, "गळाली म्हणे! काय थाप मारतो माणूस, आणि ती पण इतक्या कॉन्फिडन्सने."

मंजिरी खुर्च्या आत नेत होती. ती म्हणाली, "इंजिनिअरची मुलगी आहे ती. टाकी गळाली म्हटल्यावर आधी वाकून गाडीखाली बघायला हवं होतं तिने. बघितलं नाही."